निळ्या टोपणाची नळी

दादाच्या दंडाला पट्टा बांधून सिस्टरनी सुई घातली आणि निळ्या टोपणाची नळी लावली. नळीच्या तळाशी आधीच पाण्यासारखं काहीतरी होतं. रक्त खुणेपर्यंत चढल्यावर त्यांनी नळी हळूच उलटी-सुलटी केली, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी.

"तळाला काय असतं?" मी विचारलं.

"सोडियम सायट्रेट. रक्त गोठू नये म्हणून. मग लॅबमध्ये कॅल्शियम घालतात आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघतात."

"माझ्या रक्ताला त्याची गरज नाही, सिस्टर," दादा म्हणाला.

त्याचं लिव्हर गेलंय. दाढी करताना कापलं तरी टॉवेल भिजतो. हेच सायट्रेट त्याच्या आवडत्या लिंबू सोड्याच्या बाटलीवर छापलेलं असतं. तिथे ते नुसतं चवीपुरतं. मला त्या नळीचा हेवा वाटला. तिच्यातल्या रक्ताचं गोठणं थोपवलंय ते कशानं, हे माहीत आहे, आणि त्यावर कॅल्शियमचा उतारा आहे. दादासाठी तसं काही उरलेलं नाही. "आता त्रास होऊ नये एवढंच बघू," असं डॉक्टर कालच म्हणाले. तरी सकाळ झाली की नळी भरायची.

"कापूस पाच मिनिटं दाबून धरा," सुई काढून मला म्हणत सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. सगळ्या वॉर्डाचं रक्त घेऊन त्या परतल्या, तरी मी कापूस दाबूनच होतो. बोटाखाली ओल लागत होती.

"हात दुखेल तुझा," दादा म्हणाला. "सोड आता."