आधी पाणी, मग देव

फुलचूरच्या आमच्या ग्रीक पुराणकथा अभ्यास मंडळाची अध्यक्ष मी आहे. कथेआधी त्या देशातली जमीन, पाऊस आणि पीक सांगितले पाहिजे, हा नियम माझा. तो मोडण्याचा ठराव आला, तेव्हाही खुर्चीत मीच होते. निवृत्तांना विद्वत्तेची हौस जडली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सतरंजी झटकली तरी पडतात.

पहिल्याच बैठकीत बिसेन वकील उभे राहिले. "त्यांचा आकाशाचा राजा म्हंजे आपला इंद्र. झाला अभ्यास. आता चाय सांगा, मॅडमजी."

मी विचारले, "ग्रीसमध्ये पाऊस केव्हा पडतो?"

"देव समजाले पाणी कायले पायजे?"

वकिलांची धानाची शेती चोरखमारा तलावाच्या कालव्यावर, अगदी शेवटच्या टोकाला आहे; पाणी पोचते ते सर्वांत शेवटी. आणि हे उद्गार!

*

कापडदुकानदार शर्माजींना एकच गोष्ट भावली: ग्रीक लोक देवांना चरबीत गुंडाळलेली हाडे अर्पण करीत आणि मांस स्वतः खात. पुढच्या बैठकीत त्यांनी सर्वांना समोसे वाटले आणि माझ्यापुढे चुऱ्याची पिशवी ठेवली.

"मॅडम, यह देवता वाला हिस्सा."

त्यांचा अभ्यास तेथेच पूर्ण झाला.

*

धान्यदेवीची मुलगी पाताळात नेली जाते आणि पृथ्वी उजाड होते, ही कथा वकिलांनी बर्फासकट सांगितली.

"तिथे शेते उजाड होतात ती उन्हाळ्यात," मी म्हटले. "पेरणीपर्यंत धान्य जमिनीखाली साठवत; तीच पाताळातली मुलगी."

"पुस्तकात बर्फ आहे जी."

"पुस्तक लिहिणारा थंड देशातला असेल."

त्याच रागातून त्यांचा ठराव आला: जमीन-पाऊस बंद, फक्त कथा. मी बजावले, "मंजूर झाला, तर मी खुर्ची सोडीन."

*

मतदानापूर्वी मी अनेक मुखांच्या पाणसापाची कथा सांगितली. वीर त्याला मारतो. काही अभ्यासक त्यात दलदल आटवल्याची आठवण पाहतात.

आजवर गप्प बसलेले कापगते गुरुजी ताठ झाले. त्यांच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले. चोरखमाऱ्याच्या त्याच कालव्याचे पाणी कोणाच्या शेताला केव्हा, हे आज गुरुजी ठरवतात.

"भरलं पाणी आटवलं, अन् त्याले वीर म्हणून राहिले? आमच्या गावात असता तं पंचाईतीपुढं उभा केला असता."

"तिथे पाणी साचले, की ताप येई," मी सांगितले. "इथे न साचले, तर उपास. म्हणून वीर वेगळे."

"कथा आहे जी ते," वकील म्हणाले. "पाण्याचं काय घेऊन बसले?"

गुरुजी त्यांच्याकडे वळले. "वकीलसाहेब, देव समजाले पाणी कायले पायजे, हे तुम्हीच बोलले होते ना? अन् तुमच्या धानाले?"

ठरले ते असे: नियम कायम. पहिला हात कापगते गुरुजींचा, दुसरा शर्माजींचा. तिसरा, आणि सर्वांत उंच, बिसेन वकिलांचा.