तेवीस वर्षांचं हाफ तिकीट

"ती निळ्या कुर्तीतली आहे ना, ती हाफमध्ये बसेल बघा."

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई त्यांच्या मिस्टरांच्या कानात हे बोलल्या. कान एकाचाच होता, पण आवाज सगळ्या रांगेला पुरेल इतका. निळ्या कुर्तीतली म्हणजे मी. वय वर्षे तेवीस. जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. (पेशंट खुर्चीत बसतात, बाही वर करतात आणि मला विचारतात, "बाळ, मॅडम कधी येतील?")

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं. अडचण अशी झाली की पप्पांनीही ऐकलं.

पप्पा एका डाळ मिलमध्ये हेडक्लार्क आहेत. भिंतीवर लिहिलेलं काहीही ते शेवटपर्यंत वाचतात, अगदी 'येथे थुंकू नये'च्या खालचं 'हुकुमावरून'सुद्धा. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि तिकीट खिडकीवरचा बोर्ड वाचला. मग पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं.

"मनू," ते म्हणाले, "इथं वय कुठंच लिहिलेलं नाही. फक्त उंची!"

या पार्कात यायचं आमचं अकरा वर्षांपासून ठरत होतं. मी सहावीत असताना आमच्या शाळेची पिकनिक इथे आली होती. (इंग्लिश मिडियमला सहल नसते, पिकनिक असते. गाडी तीच लागते.) इथला मोठा रोलर कोस्टर म्हणजे आमच्या वर्गाचं वर्षभराचं स्वप्न होतं. त्याच्या दारावरच्या माणसाने माझ्या डोक्याजवळ काठी धरली आणि मला बाजूला काढलं. एकोणतीस मुलं किंचाळत आभाळात गेली आणि मी खाली बाकावर एकोणतीस वॉटरबॅगा सांभाळत बसले. घरी येऊन मी कोणाला काही बोलले नाही. मनात मात्र ठरवून टाकलं, की उंची वाढली की एकदा त्यात बसायचंच.

पुढे दर उन्हाळ्यात पप्पा पार्कचे नवे दर बघायचे, चष्मा काढून पुसायचे आणि "पुढच्या वर्षी" म्हणायचे. दरवर्षी तिकीट वाढायचं. मी वाढायची नाही.

शेवटी यंदा धुळ्याहून आत्याचा फोन आला. तिच्या ऋतुजाच्या पाचवीच्या वर्गातलं जवळजवळ प्रत्येक मूल म्हणे पार्कला जाऊन आलं होतं. "दादा, पोरीसले एकदाव लई चाल ना!" आत्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे पोरींना एकदा घेऊन चल. बहिणीला 'पुढच्या वर्षी' म्हणणं पप्पांना कधीच जमलेलं नाही. मग एक गाडी ठरली, जळगावहून आम्ही तिघं निघालो, धुळ्याला आत्या, ऋतुजा आणि भाकऱ्यांचा डबा चढला, कल्याणला आत्याच्या दिरांच्या वन बीएचकेत नऊ जणांनी एका पंख्याखाली मुक्काम केला, आणि सकाळी पाठ धरलेल्या अवस्थेत आम्ही या रांगेत मजा करायला उभे राहिलो.

मी माझ्याकडून पूर्ण तयारीने आले होते. पायात जाड टाचेचे सँडल. डोक्याच्या अगदी मधोमध अंबाडा.

खिडकीशेजारी एक लाकडी जिराफ उभा होता आणि त्याच्या मानेवर चार फूट सहा इंचांची लाल रेघ होती. रेघेच्या वर निळा पट्टा, फुल तिकीट, सगळ्या राईड्स. रेघेच्या खाली पिवळा पट्टा, हाफ तिकीट, लहान मुलांच्या राईड्स.

आधी ऋतुजा उभी राहिली. वय अकरा. रेघ तिच्या कानाजवळ आली.

"फुल," जिराफाजवळचा गार्ड म्हणाला.

"ओ भाऊ, पाचवीत शे ती!" आत्या ओरडली.

"वय नाही बघत ताई. उंची."

"मंग हाई तेवीसनी, हाई कशी हाफ?" आत्याने माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःच काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उजळला. "व माय! हाई हाफ!!"

मी जिराफाशी उभी राहिले. माझी खरी उंची अशी आहे, की मी अगदी ताठ उभी राहिले तर केस रेघेला टेकतात. आणि त्या दिवशी तर माझ्याकडे सँडल होते.

"सँडल काढा," गार्ड म्हणाला.

सँडल गेले.

"अंबाडा सोड गं, डोकं दुखेल उन्हात," मम्मी म्हणाली. (आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्या मोकळ्या केसांबद्दल आपुलकी वाटली.)

अंबाडा गेला.

"टच होतंय," गार्ड डोळे बारीक करून म्हणाला.

रांग थांबली. मागच्या बाई पुढे वाकल्या. तेव्हा पप्पा, ज्यांनी मला सातवीपासून दाराच्या चौकटीला रोज पन्नास सेकंद लोंबकळायला लावलं, ज्यांनी लग्नाच्या फोटोंमध्ये मला दरवेळी "ताठ, मनू, ताठ" म्हणून सांगितलं, ते पप्पा हळूच म्हणाले, "मनू, जरा सैल उभी राहा ना."

मला सांगायचं होतं. अकरा वर्षं, एकोणतीस वॉटरबॅगा, सगळंच. पण मागे तीसेक माणसं होती, आणि तीस माणसांसमोर मला स्वतःचं नावही नीट सांगता येत नाही. मी गुडघे सैल सोडले.

"हाफ," गार्ड म्हणाला, आणि माझ्या मनगटावर पिवळा पट्टा बसला. बरोबर एक फुगा फुकट! पप्पांनी तो माझ्या बोटाला स्वतः बांधला.

पप्पांना आता स्फुरण चढलं. "खिडकीवर विचार बरं, ग्रुप डिस्काऊंट आहे का. इंग्लिशमध्ये विचार. इंग्लिशमध्ये विचारलं की देतात." माझ्या शिक्षणाचा उपयोग होण्याची ही वेळ होती. मी खिडकीशी गेले आणि 'एक्स्क्यूज मी' इतक्या हळू म्हटलं, की ते फक्त जिराफाला ऐकू गेलं. तसंही, फुगा धरलेल्या मुलीला ग्रुप डिस्काऊंट कोण देतं?

मग दाराशी आत्याचा डबा अडला. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. आत्याने वाद घातला नाही. तिने पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीला सतरंजी टाकली. "आत नेयाले बंदी शे ना? मंग पोटात घालीसन नेऊ. पोटले काय तिकीट शे?" सकाळी दहा वाजता आम्ही कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा असं दोन्ही वेळचं एकदम जेवलो. कोणालाच भूक नव्हती. पण आतल्या सामोशाचा भाव पप्पांनी बोर्डावर वाचला होता.

आत गेल्यावर मला कळलं, की आमच्यासारख्या लोकांना हे परवडतं का हा प्रश्नच चुकीचा आहे. परवडत नाही. तरी येतो. आणि एकदा आलो की मजा करायला वेळच उरत नाही, कारण दिवसभर वसुली चालू असते! "झोपाळा झाला का? मग बसा परत, पैसे वसूल झाले पाहिजेत." मम्मीची कंबर लागली होती, तरी ती तीनदा आगगाडीत बसली. आत्या डोळे मिटून भुताच्या घरातून दोनदा फिरून आली. ("काय दिसनं?" "काहीच नही. पण थंड शे.") बॅगा ठेवायला लॉकरचे वेगळे, पाण्यात उतरायचं तर कपड्यांचे वेगळे. ते ऐकून पप्पा म्हणाले, "पाण्यात उतरायचं तर आपली तापी काय वाईट आहे?" आणि गार पाण्याचा नळ शोधायला गेले.

आणि मी? मी आमच्या घरातली पहिली फायद्याची योजना ठरले होते. जिथे तिथे पप्पा मला पुढे करत. "एक लहान मूल आहे हो बरोबर!" मला आईस्क्रीमचा छोटा कप फुकट मिळाला. मी चहाच्या कपात बसून गोल फिरले. मी सुरवंटाच्या गाडीत बसले, माझ्या शेजारी एक तीन वर्षांचा गृहस्थ होता आणि तो माझा फुगा मागत होता. सुरवंट चालवणारी ताई म्हणाली, "बेबी, हात आत घे." मी घेतला.

दुपारी पप्पा पुन्हा बाटल्या भरायला गेले आणि आम्ही बाकीच्या रोलर कोस्टरपाशी पोहोचलो. अकरा वर्षांत तो जरा म्हातारा झाला होता, रंग उडाला होता, पण आवाज तोच. वर माणसं किंचाळत होती. खाली, त्याच जागी, तोच सिमेंटचा बाक होता.

ऋतुजाने निळा पट्टा दाखवला. दार उघडलं. मी तिच्या मागे पाऊल टाकलं.

"बेबी, तू खाली थांब हं," दारावरचा माणूस म्हणाला.

ऋतुजा मागे वळली. तिने गळ्यातली पाण्याची बाटली काढली, टोपी काढली, चपला काढल्या आणि सगळं माझ्या हातात दिलं. "मनूताई, एवढं सांभाळशील?"

मी बाकावर बसले. मांडीवर बाटली, टोपी, चपला. बोटाला फुगा. वर ऋतुजा किंचाळली. माझ्यात काहीतरी सरळ झालं. (नंतर मम्मी म्हणाली, भरीत असेल.)

मी सामान तिथेच बाकावर ठेवलं, फुगा सिमेंटच्या पायाला बांधला आणि एकटी चालत प्रवेशद्वाराशी परत गेले. सँडल स्वतःच काढले. जिराफाला पाठ लावली आणि मानेच्या शिरा दुखेपर्यंत ताठ उभी राहिले. सकाळचाच गार्ड होता. त्याने मला ओळखलं. मग रेघेकडे पाहिलं.

"सकाळी तर कमी होतीस."

मी हनुवटी आणखी वर केली.

"इथलं जेवण मानवलेलं दिसतंय," तो म्हणाला आणि खिडकीकडे हात केला.

हल्ली पैसे द्यायला बोलावं लागत नाही, हे माझ्यासारखीसाठी फार चांगलं झालंय. मी मनगट दाखवलं, खिडकीतल्या माणसाने फरकाची रक्कम कागदावर लिहिली, मी फोन काढून माझ्या पगारातून स्कॅन केलं, त्याने निळा पट्टा पुढे सरकवला. सगळं कसं निःशब्द! कोणाला कळणार नव्हतं. मी निळा पट्टा बाहीखाली लपवणार होते, आणि एकच फेरी मारून...

तेवढ्यात पैसे जमा झाले की ओरडून सांगणारा खिडकीतला तो छोटा स्पीकर सगळ्या आवारात घुमला. पूर्ण रक्कम, शेवटच्या रुपयापर्यंत, आणि वर "प्राप्त झाले!"

शेजारच्या गार पाण्याच्या नळाशी एक माणूस वाकून चौथी बाटली भरत होता. आकडा ऐकून तो सरळ झाला. हाफ आणि फुल यांतला फरक सकाळपासून ज्याला तोंडपाठ होता असा त्या आवारात एकच माणूस होता.

"मनू?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिराफाकडे, मग निळ्या पट्ट्याकडे. कागद हातात घेतला आणि सवयीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. बाटली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

"मोठ्या गाडीत बसायचं होतं का तुला?"

मी मान हलवली.

"कधीपासून?"

मी खाली बघितलं. पप्पांना आता वाहती बाटली दिसली. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, नळ बंद केला आणि म्हणाले, "सकाळी मी तुला सैल उभं राहायला सांगायला नको होतं." आणि लगेच, "चल. माझंही फुलच आहे. सकाळपासून मी काहीच वसूल केलेलं नाही."

दारावरच्या माणसाने निळा पट्टा पाहिला आणि मला 'मॅडम' म्हटलं. मॅडम! लॅबमध्ये दोन वर्षांत जे झालं नव्हतं, ते इथे झालं. आम्हाला पहिल्याच रांगेत बसवलं. छातीवर लोखंडी दांडा आला. खाली बाकापाशी मम्मी कंबर धरून उभी होती, आत्या फुगा हलवत होती, आणि ऋतुजा ओरडत होती, "मनूताई, भारी शे!"

गाडी खट्खट् करत वर चढू लागली. माणसं लहान झाली. पार्किंग लहान झालं. पार्कामागचा डोंगर खाली गेला. पोटात दहा वाजताचं भरीत हळूच उठून बसलं. मी आयुष्यात इतक्या उंचीवर कधीच नव्हते, आणि मला आठवत होतं, की हे मी स्वतः, माझ्या पैशांनी, मान ताणून मिळवलेलं आहे.

शेजारी पप्पांनी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. डोळे गच्च मिटून ते म्हणाले, "मनू, हे पैसे परत मिळतात का गं?"

गाडी टोकावर येऊन क्षणभर थांबली. पुढे रूळच दिसेनात. आणि सकाळपासून, खरं तर सहावीपासून ज्या मुलीच्या तोंडून एक धड वाक्य निघालं नव्हतं, ती मी सगळ्या पार्कला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"ओ भाऊ, उतरवा मला! मी हाफ तिकीट आहे!"