खंडेनवमीचा पाना

जोतीराम पलटणीत गाड्या दुरुस्त करायचा. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन तो शिराळ्याजवळच्या आपल्या गावी आला आणि बागाईतदार लालासाहेबांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून लागला. तेव्हापासून आम्ही एकच ऐकत होतो, मिलिटरीत काय पद्धत असते ते. चहा ओतायचीसुद्धा पद्धत असते, हे गावाला त्याच्याकडूनच कळलं.

उसाचा हंगाम संपला की लोक आपापल्या ट्रॉल्या बाभळीखाली सोडून देत. जोतीरामाला ते बघवत नसे. त्याने लालासाहेबांची ट्रॉली जॅकने उचलून ओंडक्यांवर टेकवली, चाकं काढून गोठ्यात ठेवली, बेअरिंगात ग्रीस भरलं, पत्र्याला जळकं ऑइल फासलं आणि वर ताडपत्री बांधली. नवरात्रात ताडपत्री सोडली तर गंजाचा ठिपका नाही. "गड्या, नवी केलीस की रं!" लालासाहेब चारचौघांत म्हणाले. जोतीराम जो फुगला, तो फुगलाच.

खंडेनवमीला चाकं बसवता बसवता पूजेची वेळ झाली. घाईत त्याने नट नुसते हाताने फिरवले आणि पाना बाकीच्या अवजारांबरोबर पाटावर मांडला. हळदकुंकू लागलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. उद्या आवळू, असं त्याने ठरवलं.

दसऱ्याला बायका ओढ्यापलीकडच्या देवीला निघाल्या. ट्रॉलीला झेंडूच्या माळा, जोतीरामाला फेटा. कौतुकाच्या भरात तो नट आवळायचं साफ विसरला. ओढ्याच्या उतारावर चाक निखळलं आणि ट्रॉली कलंडली. बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं, पण त्याची चुलती अंबूबाई खाली फेकली गेली आणि तिचा उजवा हात मोडला.

"नट आवळलं न्हवतं. माजीच चूक," तो तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला. शिव्या खायची त्याची तयारी होती. पण लालासाहेब म्हणाले, "दिष्ट लागली गड्या." आणि अंबूबाई कण्हत म्हणाली, "पाना पूजंत हुता, त्यो तरी काय करंल?" कुणी एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं. शरमेने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. अंबूबाईचा हात वाकडाच बसला, भाकरी थापायला सून लागू लागली. जोतीराम तिचं दार टाळून बांधाबांधाने शेताला जाई. मिलिटरीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दुरुस्त झालेली ट्रॉली हंगामानंतर पुन्हा ओंडक्यांवर चढली, नवरात्रात खाली उतरली. खंडेनवमीला त्याची बायको चंद्राबाई पूजेला पाना मागायला आली.

"न्हाई," जोतीराम म्हणाला आणि आवळलेलेच नट पुन्हा आवळत राहिला.

दसऱ्याला ट्रॉली उभी राहिली, पण एकही बाई पुढे होईना. जोतीराम वर ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याशी मान खाली घालून उभा होता. इतक्यात अंबूबाई गर्दीतून आली.

"आवळल्यात न्हवं?"

"व्हय काकी."

"मग हात दी की रं. चढू कशी?"

आणि तिने तोच वाकडा हात वर केला. जोतीरामाने तो धरला. ती चढून नीट बसली, मागोमाग बाकीच्या बायका चढल्या, तरी त्याला तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही.