एकेचाळीस नंबरची कात

संशोधन केंद्रात सगळे त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे सासूबाई. अळ्यांच्या खोलीत कुणी बरणीला नुसतं बोट लावलं, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा.

अळ्या कसल्या, तर लांब लांब पायांच्या माश्यांच्या. दिसायला डासाची थोरली बहीण, पण बिचारी कुणाला चावत नाही. माशीवरून जात ओळखता येते; पण ती कुठल्या कुळातली, ते अळीच्या शेपटाकडचे बारीक उंचवटे मोजले की कळतं. पण ही अळी याच माशीची, हे छातीठोकपणे सांगायचं तर प्रत्येक अळी वेगळ्या बरणीत वाढवायची आणि तिने टाकलेली प्रत्येक कात त्याच नंबरखाली जपायची. म्हणून मावशींचा नियम होता, एका वेळी एकच बरणी उघडायची. बत्तीस वर्षं पाळलेला.

मोडला तोही त्यांनीच. नातीला ताप, घरी लवकर जायची घाई, म्हणून शेवाळ बदलायला चाळीस आणि एकेचाळीस एकदमच उघडल्या. दोन्ही अळ्या एका ताटलीत. सुनेचा फोन आला, मावशी वळल्या, परत बघतात तर कुठली कुठली कळेना! भिंगाखाली धरल्या, तर मेल्यांनी शेपटं आक्रसून घेतलेली. शेवटी अंदाजाने एकेक उचलून बरणीत टाकली.

इथवर चूकच होती. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण महिन्याभराने माश्या बाहेर पडल्या, आणि एकेचाळीसमधली शेवटची कात मावशींनी भिंगाखाली धरली. आधीच्या कातीला सहा उंचवटे, हिला चार. अदलाबदल झाली होती. तेव्हाच प्रमुख बाईंना सांगितलं असतं, तर चार बोल खाऊन सुटल्या असत्या. त्यांनी दोन्ही बरण्यांतल्या शेवटच्या काती बेसिनमध्ये टाकून नळ सोडला आणि वहीत लिहिलं, 'कात मिळाली नाही.'

एकेचाळीसची आधीची कात आणि माशी बघून बाई हरखल्या. अळी अशी आणि माशी तशी! त्यांनी त्या माशीला जुन्या कुळातून उचलून दुसऱ्या कुळात बसवलं, लेख छापला, खाली मावशींचे आभार मानले. परगावच्या एका संशोधक मुलीने कळवलं, की याच माशीची मी वाढवलेली अळी वेगळी निघाली. बाईंनी उलट टपाली सुनावलं, "आमच्या मावशींची बरणी चुकत नाही. तुझी तपास."

पोरीने माफी मागितली. 'माझाच गोंधळ झाला असेल,' हे पत्र बाईंनी मावशींना हसत वाचून दाखवलं. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तिसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, बेसिनसकट.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तिला मी आजच लिहिते." मग थांबून विचारलं, "मावशी, अशा अजून किती बरण्या?"

"एवढ्याच दोन, बाई. देवाशपथ."

बाईंनी मान हलवली. "जुन्या सगळ्या वह्या काढा. जिथे जिथे 'मिळाली नाही' लिहिलंय, तिथे खूण करा."

मावशींनी पहिली वही उघडली.

"नको, राहू द्या," बाई म्हणाल्या. "मीच करते."

मावशींनी वही त्यांच्या हातात दिली.