शिफ्ट कुठली?

आकुर्डीत आमच्या कंपनीच्या वाटेवर एका केमिस्टचं मेडिकल आहे. पोट साफ व्हायचं औषध मागितलं की हा गृहस्थ भर दुकानात, खणखणीत आवाजात विचारणार, "शिफ्ट कुठली?" फर्स्ट म्हटलं की, "मग आज रात्री घेऊ नका, सकाळी बसमध्ये पंचाईत होईल." पुढचा प्रश्न पाण्याचा. कामाची लाइन सोडून सारखं उठावं लागू नये म्हणून आम्ही पाणीच कमी पितो, हे त्याला न सांगता कळतं. मागे चार माणसं उभी असताना ही चौकशी! मला राग यायचा.

परवा, होळीच्या आदल्या दिवशी, एक जण पोट दाबत आला. "भाऊ, कालची गोळी लागू पडली नाय. आज दोन द्या."

त्याला मात्र केमिस्टने शिफ्ट विचारली नाही. "दुखतंय? उलटी झाली?"

"सकाळपासून दोनदा."

काढलेलं गोळ्यांचं पाकीट परत खणात गेलं. "आता जुलाबाचं काही घ्यायचं नाही. आत काय अडलंय ते डॉक्टरला बघू दे." बाहेर येऊन त्याने रिक्षा थांबवली, माणसाला बसवलं आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता दोनदा सांगितला.

तो काउंटरमागे परत आल्यावर मी माझी नेहमीची पावडर मागितली.

"किती दिवस घेताय?"

"आठवडा झाला असेल."

त्याने डबा काढला नाही. पुढे वाकला आणि पहिल्यांदाच, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू बोलला.

"गणपतीतही तुम्ही आठवडाच म्हणाला होतात."