चूल एक, घर एक

लिंबाजी गेल्याचं मला जिंतूरच्या बाजारात कळलं. त्याचा मधला भाऊ कोंडिबा समोर आला आणि म्हणाला, "दादा गेला, साहेब. पंधरा दिस झाले." निरोप का धाडला नाहीस, असं मी विचारलं. "सांगून तुमी करता काय?" तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, सरळ प्रश्न होता. म्हणूनच जास्त लागला.

पोलीस ॲक्शननंतर मी तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून चिकटलो. डोंगरातल्या आंध लोकांच्या वाड्यांवर सरकार घरं बांधून देणार होतं आणि मोजणीचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. लिंबाजीच्या कुडाच्या झोपडीत म्हातारी आई, तीन भाऊ, तिघांच्या बायका आणि सात पोरं. निजायला जागा पुरत नाही म्हणून थोरला लिंबाजी बारा महिने बाहेर, शेळ्यांपाशी बाजेवर. सरकारी नियम होता, एक चूल, एक घर. आणि इथं चूल एकच! मी आपली हुशारी पाजळली, "तीन चुली मांड, तीन घरं मिळतील." तो ताडकन म्हणाला, "माय जित्ती हाय, साहेब. माय असताना चूल फुटत न्हाई."

पुढं धाकट्याच्या बायकोचं बाळंतपण शेळ्यांच्या कोंडवाड्यात करावं लागलं, तेव्हा कुठं तो नमला. तपासणीच्या दिवशी तीन चुली धडधडत होत्या. मोठे साहेब खूश. पण दुपार झालेली, आणि दारी आलेल्याला उपाशी धाडायचं नाही ही आंधांची रीत. दुसरी रीत त्याहून घातकी... शिजलेलं सगळं आधी मायपुढं ठेवायचं, मग तिनं आपल्या हातानं वाढायचं. तिन्ही सुना आपापल्या चुलीवरच्या भाकरी घेऊन आल्या आणि म्हातारीच्या एकाच परातीत ठेवून गेल्या. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण बघतंय कोण! साहेब पोटभर जेवले, हात धुतले आणि कागदावर लिहिलं, कुटुंब एक.

घर झालं. दहा बाय दहाची पत्र्याची खोली. जुनी झोपडी पाडल्याशिवाय किल्ली नाही, हा वर आणखी एक नियम. म्हणजे होती ती जागाही गेली. मी फेरतपासणीची दरखास्त केली. कागदांची मिसल औरंगाबादला गेली, तिथून हैदराबादला. तेवढ्यात राज्यच बदललं, मराठवाडा मुंबईकडे गेला. हैदराबादचे म्हणाले मुंबईला विचारा, मुंबईचे म्हणाले कागद पोचलेच नाहीत. लिंबाजी दर बाजाराला येऊन दफ्तराच्या पायरीवर बसायचा. कधी माझ्यासाठी धोतराच्या सोग्यात रानातली पिकली टेंभरं बांधून आणायचा. "काय झालं?" एवढंच विचारायचा. मी म्हणायचो, "चालू आहे." काय चालू होतं, कपाळ!

मग म्हातारी वारली. मी भेटायला गेलो तो, सांगायला लाज वाटते, खिशात नवा अर्ज घेऊनच. म्हणालो, "लिंबाजी, आता तर चूल वेगळी करायला हरकत नाही." तो म्हणाला, "माय गेली. आता मोठा मीच न्हाई का? मी हाय तवर चूल एकच." मी चिडलो, नाही नाही ते बोललो. तुझ्या एका घरासाठी नियम बदलायचा का, असंही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "राहायला माणसं लागतेत, साहेब. तुमी चुली कामून मोजल्या?" अर्ज तसाच खिशात ठेवून मी डोंगर उतरलो.

बाजारातून तसाच कोंडिबाबरोबर वाडीवर गेलो. त्याच पत्र्याच्या खोलीत आता तीन चुली होत्या. "एक वहिनीची, एक माझी, एक धाकट्याची," कोंडिबानं दाखवलं. "आता तरी द्या लिहून, तीन घरं." योजना गेल्याच साली बंद झाली होती. मी खाली बघितलं. दोन नव्या चुलींनी जमीन अडवली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. "पोरं कुठं निजतात?" मी विचारलं. धाकट्याच्या बायकोनं बाहेर हात केला. बाहेर लिंबाजीची बाज होती, आणि तिच्यावर पोरांची वाकळ पसरलेली होती.