रविवारी अकरा वाजता माझं मत

पिक्चर बघून आल्यावर "ठीक होता" एवढंच म्हणणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून राग येतो. तीन तास अंधारात बसायचं, इंटरवलला गरम कचोरी खायची आणि बाहेर येऊन ठीक होता? आमच्या घरात असं चालत नसे. पिक्चरवर मत द्यायची ही सवय इंदूरजवळच्या महूला राहणाऱ्या आजोबांची. ते पलटणीतून निवृत्त झालेले आणि छावणीतल्या थिएटरात इंग्रजी पिक्चर बघणारे. इंग्रजी त्यांना हुकूम ऐकण्यापुरतंच यायचं. तरी घरी परतताना ठामपणे सांगायचे, "तो म्हातारा कसलं काम करून गेला! हिरो नुसताच उभा होता." मी विचारायची, "पण तुम्हाला भाषा कुठं कळली?" ते म्हणायचे, "भाषा नाही कळली. पण माणूस खोटं रडत असला की कळतं."

इंदूरला आम्ही मिलच्या मागच्या वस्तीत राहायचो. बाबा मिलच्या विणाई खात्यात होते. मी कॉलेजात गेले त्या वर्षी मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. बाबा तरी वेळेवर उठले, दाढी केली आणि ओट्यावर येऊन बसले. बघितलं तर गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर दाढी केलेली माणसं बसली होती.

त्याच सुमाराला वस्तीत केबल आली. उदारीकरण हा शब्द आम्हाला अर्थशास्त्राच्या तासाला शिकवत होते. आमच्या गल्लीत ते विजेच्या खांबांवरून काळ्या वायरीतून उतरलं. घरात पगार नाही आणि टीव्हीत चॅनलांची रांग. मी सगळं बघायची. सगळ्या मालिकांमध्ये एक भलामोठा जिना असायचा आणि त्यावरून कोणी ना कोणी रागाने उतरायचं. नव्या पॉप गाण्यांचे व्हिडिओ लागायचे. त्यातल्या निम्म्या गायकांपेक्षा मशीनच जास्त गातंय, असं माझं मत होतं. आणि मत झालं की ते बोलल्याशिवाय मला राहवत नसे.

सकाळी नळावर पाणी भरताना बाया मला विचारायच्या, "काय गं, नवीन पिक्चर कसाय?" मी सांगायची, "काकू, गाणी फर्स्ट क्लास. इंटरवलपर्यंत बघा आणि निघा. पुढे डायरेक्टर झोपलाय." एकदा असंच चाललं असताना वरून आवाज आला. केबलवाला खांबावर चढून वायर जोडत होता. त्याला सगळी वस्ती भिया, म्हणजे इंदुरी भैया, म्हणायची. तो वरूनच ओरडला, "अरे बेन, ये जो यहाँ नल पे बोल रही हो ना, ये मेरे चैनल पे बोलो!"

भियाने स्वतःचं एक लोकल चॅनल काढलं होतं. सकाळी भजनं, दुपारी पिक्चर, मध्ये साडीच्या दुकानांच्या आणि थिएटरांच्या जाहिराती. रविवारी सकाळी अकराला नव्या पिक्चरवर बोलायचं, असं त्याने मला सुचवलं. आई म्हणाली, "साऱ्या गावाला तोंड दाखवून काय मिळणार हिला?" शनिवारी बाबांनी पेटीतून एक निळं कापड काढलं. त्यांच्याच मागावरचं होतं, एका दिवाळीला मिलमधून मिळालेलं. स्टुलावर चढून त्यांनी ते भिंतीवर खिळे मारून ताणलं आणि म्हणाले, "मागे भिंतीचे पोपडे दिसायला नकोत."

भिया लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन यायचा. आवाज येतो म्हणून पंखा बंद, समोर भगभगता दिवा, आणि मी घामाघूम. बोलायचं हिंदीत होतं, पण मध्येच मराठी घुसायचीच. "हीरोइन ने काम एकदम गोड किया है," असं मी पहिल्याच दिवशी म्हणून बसले. भिया म्हणाला, "चलेगा, इंदौर है." आणि खरंच चाललं. महिनाभरात अन्नपूर्णेच्या देवळाबाहेर दोन अनोळखी बायांनी मला अडवलं. "तूच ना ती, रविवारची पिक्चरवाली?" मी हो म्हटल्यावर त्यातली एक म्हणाली, "तुझ्यामुळे आमचा एक रविवार वाचला गं."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एक मोठा पिक्चर आला. त्याची गाणी महिनाभर आधीपासून पानाच्या टपऱ्यांवर वाजत होती. शुक्रवारी मी मैत्रिणीबरोबर पहिला शो बघितला. त्यात मिलमालकाचा मुलगा परदेशातून शिकून येतो, वडिलांची जुनी मिल बंद करतो आणि तिथे सरकत्या जिन्यांचा चकचकीत बाजार उभारतो. शेवटच्या गाण्यात मिलचे सगळे कामगार नवे कपडे घालून त्याच्याभोवती नाचतात आणि त्याला खांद्यावर उचलतात. थिएटरात टाळ्या पडत होत्या. माझे हात मांडीवरच राहिले.

घरी येऊन मी बाबांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "नाचतात?" मी म्हटलं, "हो, फेर धरून."

"गाणं कसं आहे?"

"गाणं चांगलं आहे, बाबा. तीच तर पंचाईत आहे."

शनिवारी भिया घरी आला. बसला, पाणी प्यायला, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. पिक्चर ज्या थिएटरला लागला होता, त्याची जाहिरात त्याच्या चॅनलवर सगळ्यात जास्त चालायची. तिथल्या मॅनेजरने निरोप धाडला होता की पोरीला सांगा, जरा जपून बोल, नाहीतर आमची जाहिरात बंद. भिया बाबांकडे बघून म्हणाला, "बाबूजी, आप ही समझाओ. अच्छा अच्छा बोल दे, किसका क्या जाता है?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तुला पिक्चर कसा वाटला?"

"अर्धा आवडला. शेवट खोटा वाटला."

"मग तेवढंच सांग. आवडलेलं आधी सांग, म्हणजे कोणी असं म्हणणार नाही की ही मिलवाल्याची पोरगी म्हणून रागावली." मग ते भियाला म्हणाले, "भिया, ती हेच बोलणार. तुम्हाला दाखवायचं नसेल तर नका दाखवू, आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

भिया डोकं खाजवत गेला. रविवारी मात्र वेळेवर कॅमेरा घेऊन हजर झाला.

मी आधी ढोलकची तारीफ केली, कॉमेडियनची केली, हिरोइनच्या नाचाची केली. मग माझ्या हिंदीत म्हटलं, "शेवटचं गाणं ऐका, जरूर ऐका, पण बघताना एवढं लक्षात ठेवा. मी मिलच्या मागे राहते. ज्या दिवशी मिल बंद झाली, त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी नाचलं नव्हतं. लिहिणाऱ्याने एकदा येऊन विचारायला पाहिजे होतं."

सोमवारी जाहिरात बंद झाली. भिया दोन दिवस माझी नजर चुकवत होता. बुधवारी बाबा म्हणाले, "चल, दाखव तुझा पिक्चर." बाहेर आले तर त्यांच्या खात्यातली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून उभी होती. आम्ही सगळे पुढच्या स्वस्तातल्या बाकांवर बसलो. तीन तास त्यांनी मन लावून बघितलं. कॉमेडियनला हसले, हिरोइनच्या गाण्याला शिट्ट्याही वाजवल्या. शेवटचं गाणं सुरू झालं, कामगार फेर धरायला लागले, तसे बाबा उठले. मग त्यांच्या शेजारचे उठले. मग अख्खी रांग. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. शर्ट सारखे करत ते एकामागून एक बाहेर चालायला लागले. मागच्या रांगांतूनही माणसं उठली. ती कोण होती ते आम्हाला माहीत नव्हतं. शहरात मिल काही एकच नव्हती. मी बाबांच्या मागून चालत होते आणि माझी मान इतकी ताठ झाली होती की पायरी दिसेना.

बाहेर मॅनेजर उभा होता. भांडण होणार असं मला वाटलं. तो बाबांना म्हणाला, "क्या हुआ, पिक्चर पसंद नहीं आया?"

बाबा म्हणाले, "आया ना. जितना सच था, उतना देखा."

पुढे रोज हेच व्हायला लागलं; शेवटचं गाणं लागलं की मिलवाल्यांची एखादी रांग उठायची. लोक केवळ कोण उठतं ते बघायला येऊ लागले आणि थिएटर भरू लागलं. पिक्चर इंदूरात जोरात चालला, आणि जाहिरात आपोआप भियाच्या चॅनलवर परत आली. भिया जिलेबी घेऊन घरी आला. "बेन, अब तू जो बोलना है वो बोल."

पुढे मोठ्या कंपन्यांनी केबल विकत घेतली आणि भियाचं चॅनल बंद झालं. पण शहरात खाजगी एफएम आलं तेव्हा मुलाखतीला मी हे सगळं सांगितलं, आणि मला नोकरी मिळाली. गाणी निवडायची आणि नव्या पिक्चरवर बोलायचं. बाबा तोपर्यंत एका कापडाच्या दुकानात लागले होते. दुकानात रेडिओ असायचा. माझा आवाज लागला की कापड मोजता मोजता ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "ही आमची आहे." हे मला दुकानमालकाकडून कळलं, त्यांच्याकडून कधीच नाही.

घरी मात्र ते जेवायला बसले की सुरुवात करायचे, "आज ते दुसरं गाणं तू उगाच डोक्यावर घेतलंस. अंतरा ढिला आहे त्याचा."

"ढिला नाही, बाबा, निवांत आहे."

"तुला निवांत वाटतो. मला ढिला वाटला."

आई म्हणायची, "जेवा आधी." आम्ही दोघंही ऐकत नसू.